नवा सुपरवायझर, पहिले सहा महिने: स्वतःला कसं तपासायचं आणि लोकांना कसं विचारायचं

मायक्रोमीटर हातात घेतला की जॉब मोजण्याआधी आपण त्याचा झिरो बघतो. आयटीआयच्या पहिल्या महिन्यातच ही सवय हाताला लागते. झिरो चुकलेला असेल तर पुढचं प्रत्येक माप तेवढंच चुकतं आणि मोजणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, कारण सगळे आकडे एकमेकांशी नीट जुळत असतात. चूक कळते ती कस्टमरकडून माल परत आल्यावर.

माणसांची जबाबदारी अंगावर येते तेव्हा आपल्या हातातलं मापाचं साधन आपण स्वतःच असतो. कोण कामचुकार, कोण भरवशाचा, कुणाला किती बोलायचं, हे सगळं आपण आपल्याच नजरेनं मोजतो. त्या नजरेचा झिरो मात्र तपासत नाही.

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव, कुठेही जा, नवा सुपरवायझर एकाच पद्धतीनं तयार होतो. चांगला ऑपरेटर असतो, सेटिंग उत्तम जमतं, रजा कमी असतात. एका सोमवारी त्याच्या हातात शिफ्टचं रजिस्टर येतं. नाहीतर बावीस वर्षांचा डिप्लोमावाला मुलगा असतो आणि त्याच्या लाईनवर त्याच्या वडिलांच्या वयाचे काका काम करत असतात. टार्गेट किती, रिजेक्शन किती चालतं, अहवाल कुठे भरायचा, हे सगळं त्याला सांगितलं जातं. माणसं कशी सांभाळायची हे कुणी सांगत नाही. मी मशीन शॉपमध्ये शिफ्ट चालवली, नंतर नव्या सुपरवायझरांना तयार करायचं काम केलं. त्यातून जी पद्धत हाती लागली ती इथे क्रमानं मांडतो. साधारण सहा महिन्यांचं काम आहे. लागतात त्या दोन गोष्टी, एक वही आणि थोडा धीर.

आधी पंधरा दिवस फक्त लिहा

कुणालाही काही विचारायच्या आधी पंधरा दिवस स्वतःचं लिहून काढा. शिफ्ट संपल्यावर, हँडओव्हर झाल्यावर, बस सुटायच्या आधी पाच मिनिटं. मोबाइलवर नको, वहीतच लिहा. मोबाइल उघडला की ग्रुपवरचे मेसेज दिसतात आणि ती पाच मिनिटं तिथेच जातात.

लिहायचं ते घडलेल्या प्रसंगाबद्दल, स्वभावाबद्दल नाही. ‘आज मी चिडलो’ हे पुरेसं नाही. ‘साडेदहाला तीन नंबरचं मशीन बंद पडलं. मेंटेनन्सवाला यायला उशीर झाला. मी ऑपरेटरला सगळ्यांसमोर विचारलं, तू आधी का नाही सांगितलंस? तो गप्प झाला. नंतर कळलं की त्यानं सकाळीच आवाज येतोय म्हणून सांगितलं होतं’ असं लिहा. महिनाभरानं वाचाल तेव्हा असंच लिहिलेलं उपयोगी पडेल.

कुठून सुरू करावं सुचत नसेल तर चार प्रश्न घ्या. काय व्हायला हवं होतं? काय झालं? का झालं? पुढच्या वेळी काय करणार? अमेरिकी लष्करात सरावानंतर तुकडी एकत्र बसते तेव्हा याच चार प्रश्नांवर बोलणं चालतं, आणि तिथे अधिकाऱ्यानंही स्वतःच्या चुका मांडायच्या असतात. जपानी कारखान्यांत याला हान्सेई म्हणतात, म्हणजे मागे वळून स्वतःकडे बघणं. टोयोटात काम यशस्वी झालं तरी हान्सेई होतं. आपण काइझेन (रोज थोडी थोडी सुधारणा) घेतलं, पोका-योके (चूक होऊच नये अशी सोय) घेतलं, गेम्बा (काम चालतं तिथे जाऊन बघणं) घेतला. हान्सेई मात्र आपल्या शॉप फ्लोअरवर फारसं रुजलं नाही. मला ती मोठी उणीव वाटते.

वहीत आणखी एक गोष्ट लिहा. मोठा निर्णय घ्याल तेव्हा त्यातून काय होईल असं तुम्हाला वाटतं, ते त्याच दिवशी नोंदवून ठेवा. ‘अमक्याला सीएनसीवरून काढून असेंब्लीला पाठवतोय. महिन्यात तो तिथे रुळेल आणि सीएनसीवरचं रिवर्क कमी होईल.’ महिन्यानं ते पान उघडा. व्यवस्थापनाचे अभ्यासक पीटर ड्रकर स्वतःसाठी हेच करत. महत्त्वाचा निर्णय घेतला की अपेक्षा लिहून ठेवत आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून बघत. शिफ्टच्या कामात एवढं थांबायची गरज नाही, महिना पुरे. लिहून ठेवलं नाही तर मन फसवतं. झालेलं तेच आपल्याला आधीपासून वाटत होतं असं ते सांगू लागतं.

मग स्वतःला मार्क द्या, पण आकडा मोजता आला पाहिजे

पंधरा दिवसांनी एक पान घ्या आणि सात-आठ वागण्याच्या गोष्टी लिहा. ‘मी प्रामाणिक आहे’, ‘माझ्यात नेतृत्वगुण आहेत’ असली वाक्यं नकोत, त्यांना सगळेच पाचपैकी चार देतात. कुणी बाजूला उभा राहिला तर त्याला डोळ्यांनी दिसेल अशी गोष्ट हवी.

उदाहरणार्थ: शिफ्ट सुरू होताना सगळ्यांना आजचं काम आणि कालची अडचण सांगतो का. मशीनवर गेलो की आधी माणसाशी बोलतो की काउंटर, म्हणजे किती नग झाले तो आकडा, बघतो. चूक झाली तर बाजूला घेऊन सांगतो की लाईनवरच. चांगलं काम झालं तर त्याच दिवशी सांगतो का. मागितलेली गोष्ट, मग ती ग्लोव्हज असोत, टूल असो की रजा, तिचं उत्तर कधी देतो, हो असो वा नाही. पुढच्या शिफ्टच्या सुपरवायझरला बिघाड लपवून लाईन देतो की सांगून देतो.

प्रत्येकासमोर लिहा: गेल्या दहा शिफ्टपैकी किती शिफ्टमध्ये मी हे केलं? शून्य ते दहा. वहीतल्या नोंदी शेजारी ठेवूनच भरा. हे पान कुणाला दाखवायचं नाही, पण फाडायचंही नाही. पुढे लोकांचं म्हणणं कळेल तेव्हा ते याच पानासमोर ठेवायचं आहे.

आपण स्वतःला किती चुकीचं मोजतो यावर १९९९ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांचं एक काम प्रसिद्ध झालं. तर्क, व्याकरण अशा चाचण्यांत सर्वात खालच्या गटातले लोक सरासरी १२ व्या पर्सेंटाइलला होते, म्हणजे शंभरातले बाराएक जणच त्यांच्या मागे होते, आणि स्वतःला ६२ व्या पर्सेंटाइलला समजत होते. हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. त्याच कामाचा दुसरा भाग कमी सांगितला जातो: सर्वात वरच्या गटातल्यांनी स्वतःला असायला हवं त्याहून खाली धरलं होतं. माझ्यासमोर आलेल्या नव्या सुपरवायझरांत दोन्ही प्रकार दिसले. काही मुली आणि गावाकडून आलेली काही मुलं स्वतःला दहापैकी तीन देत, आणि त्यांच्या लाईनवरची माणसं म्हणत की आमच्या मॅडमसारखं समजावून कुणी सांगत नाही. झिरो दोन्ही बाजूंना चुकतो.

कोणाला विचारायचं

पाच ते सात जण पुरेत. ज्यांच्यासोबत डबा खाता त्यांनाच विचारलंत तर वेळ वाया जाईल. तुमचं काम वेगवेगळ्या बाजूंनी ज्यांच्यावर पडतं, असे लोक निवडा. एक जुना ऑपरेटर, ज्यानं चार-पाच सुपरवायझर पाहिलेत. एक नवा. एक कंत्राटी कामगार. क्वालिटीचा इन्स्पेक्टर, कारण तुमच्या लाईनचं खरं काय ते त्याला दिसतं. मेंटेनन्सचा एक माणूस. तुमच्याकडून लाईन घेणारा पुढच्या शिफ्टचा सुपरवायझर. आणि तुमचे साहेब. यातला एक तरी माणूस असा असावा की ज्याचं आणि तुमचं जमत नाही. निंदकाचे घर असावे शेजारी ही म्हण आपण सहज म्हणतो, पण त्याच्या घरी जाऊन दार वाजवणं अवघड असतं. तरी जा.

कंत्राटी कामगाराबद्दल वेगळं सांगायला हवं. ठेकेदार काही महिन्यांनी त्याला ब्रेक देतो. पुन्हा बोलावतील की नाही हे बऱ्याचदा सुपरवायझरच्या एका शब्दावर असतं, निदान त्याला तसं वाटतं. ज्याची रोजीरोटी तुमच्या शब्दावर आहे, तो तुमच्या तोंडावर तुमची उणीव सांगणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याला ‘मी कसा आहे’ असं विचारूच नका. त्याच्या कामाबद्दल विचारा: ‘या स्टेशनवर सर्वात जास्त त्रास कशाचा होतो?’ तुमच्याबद्दलचं उत्तर त्यातच मिळतं. ओडिशाहून आलेल्या एका मुलानं मला सांगितलं, ‘साहब, आप जो बोलते हो वो बाद में दूसरे से पूछना पड़ता है.’ मी शिफ्टच्या सुरुवातीला मराठीत भराभर सूचना देत होतो आणि तो रोज मान हलवत होता. मी ती मान म्हणजे होकार समजत होतो. समजलं नाही हे साहेबासमोर कबूल करायला त्याला संकोच वाटत होता, एवढंच. मी स्वतःला ‘रोज सगळ्यांना सांगतो’ याला दहापैकी दहा दिले होते.

विचारायचं कसं

बहुतेकांचं गाडं इथे अडतं. ‘माझ्याबद्दल काही फीडबॅक द्या’ म्हणालात तर समोरचा म्हणेल, ‘नाही साहेब, सगळं छान आहे.’ त्यात खोटेपणा नाही. प्रश्नच एवढा मोठा आणि एवढा पोकळ आहे की त्याला धरायला कोपरा सापडत नाही.

प्रश्न छोटा करा, घडलेल्या गोष्टीला बांधा आणि उत्तराला ‘हो-नाही’ पुरणार नाही असा ठेवा. मला चाललेले काही प्रश्न:

- काका, परवा ब्रेकडाउन झाला तेव्हा मी काय वेगळं करायला हवं होतं?
- मी लाईनवर आलो की तुमचं काम सोपं होतं की अडतं? कशामुळे?
- असं काय आहे जे मी करणं बंद करावं?
- आधीचे सुपरवायझर करायचे आणि मी करत नाही, अशी एखादी चांगली गोष्ट सांगा.
- पुढच्या महिन्यात मी एकच गोष्ट बदलायची असेल तर कोणती?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर लोक सर्वात मोकळेपणानं देतात. तुमच्यावर थेट बोट ठेवावं लागत नाही, दुसऱ्याचं कौतुक करता करता म्हणायचं ते म्हणता येतं. शेवटच्या प्रश्नात मागचं उकरून काढावं लागत नाही, पुढचं बोलायचं असतं, म्हणून लाजरा माणूसही काहीतरी सांगतो.

जागाही महत्त्वाची. केबिनमध्ये बोलावलंत की माणूस आधी विचार करतो, माझं काय चुकलं? त्याचे सोबतीही तेच विचारतात आणि दिवसभर चर्चा चालते. चहाच्या वेळी टपरीकडे चालताना, बसस्टॉपवर, मशीन गरम होत असताना विचारा. दोघंच असावेत, दहा मिनिटांत संपावं. महिलांच्या लाईनवर पुरुष सुपरवायझर असेल तर एकेकीला बाजूला घेण्यापेक्षा दोघी-तिघींशी मिळून, सगळ्यांच्या नजरेसमोर बोलणं बरं. त्यातल्या एखाद्या जाणत्या ताईंना आधी सांगून ठेवा की काय विचारणार आहे. त्या बाकीच्यांचं म्हणणं गोळा करून आणतात, आणि पुष्कळदा ते एकटीनं सांगितलं असतं त्याहून जास्त स्पष्ट असतं.

वयानं मोठ्या माणसाला विचारताना तरुण सुपरवायझरला वाटतं की आपला मान जाईल. माझा अनुभव अगदी उलटा आहे. ‘काका, तुम्ही पंचवीस वर्षं हे मशीन चालवताय, मला शिकायचंय’ असं मनापासून म्हटलं, तर ज्या माणसानं आदल्या आठवड्यापर्यंत तुमच्या सूचनेला नुसता हुंकार दिला होता, तोच माणूस बोलायला लागतो. मनापासून नसेल तर मात्र म्हणू नका. पंचवीस वर्षं साहेब लोक पाहिलेल्या माणसाला खोटं लगेच कळतं.

ऐकताना हात वहीवर, तोंड बंद

मला पहिला खरा फटका बसला तो असा. मी दर तासाला प्रत्येक मशीनवर जायचो आणि त्याचा मला अभिमान होता. वहीत, स्वतःच्या पानावर, सगळीकडे तो मार्क पूर्ण होता. एका काकांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘तुम्ही येता हो साहेब, पण काउंटर बघायला येता. माणूस उभाय ते बघत नाही.’

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं: वरून दर तासाचा आकडा मागतात, मी काय करू? ते खरंही होतं. सुदैवानं मी ते बोललो नाही, कारण बोललो असतो तर काकांनी ‘हो, तेही खरंय’ म्हणून विषय संपवला असता आणि पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं. आपण कारण सांगतो तेव्हा आपल्याला वाटतं की आपण माहिती देतोय. समोरच्याला ऐकू येतं, ‘तुझं म्हणणं चूक आहे.’

म्हणून नियम साधा ठेवा. ऐकताना तीनच गोष्टी बोलायच्या. ‘एखादा प्रसंग सांगा ना’, म्हणजे नेमकं कळेल. ‘आणखी काही?’ कारण खरं ते बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात येतं. आणि शेवटी, ‘सांगितलंत, बरं झालं. मी यावर विचार करतो.’ तिथल्या तिथे वचन देऊ नका. रागाच्या किंवा लाजेच्या भरात दिलेलं वचन आठवड्यात मोडतं.

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘संवाद सुधारायला हवा’ असं आपलं भाषांतर करू नका. ‘माणूस उभाय ते बघत नाही’ हे वाक्य मला इतकी वर्षं लक्षात राहिलं. ‘संवाद सुधारा’ म्हणून लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरलो असतो.

छातीत कळ येते, हे खरं आहे. रात्री झोप लागत नाही. त्या रात्री काही ठरवू नका, कुणाला काही बोलू नका, दोन दिवस जाऊ द्या. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे पुष्कळ जुने प्रयोग एकत्र तपासले. सरासरीनं अभिप्रायाचा फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम उलट बिघडलं होतं. लक्ष कामावरून उडून ‘मी कसा माणूस आहे’ याकडे गेलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. शॉप फ्लोअरवर हे रोज दिसतं. म्हणून काकांचं वाक्य ‘मी वाईट माणूस आहे’ असं वाचायचं नाही. ‘मशीनवर गेल्यावर पहिली नजर कुठे जाते’ असं वाचायचं. हा बदल उद्या सकाळी करता येतो.

एक अपवाद ध्यानात ठेवा. बोलता बोलता कुणी मशीनचं संरक्षक झाकण (गार्ड) काढून ते चालवायला लावतात असं सांगितलं, किंवा कुणी त्रास देतो, अंगचटीला येतो असं एखाद्या महिलेनं सांगितलं, तर तो तुमच्या सुधारणेचा मुद्दा राहत नाही. वहीत लिहून ठेवून दोन दिवस विचार करायचा नाही. पहिली गोष्ट त्याच तासाला सेफ्टीकडे न्यायची. दुसरीसाठी २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. त्या महिलेला तिथपर्यंत पोचवणं, तिच्या इच्छेनं आणि तिच्यासोबत उभं राहून, हे तुमचं काम आहे.

नावाशिवाय चिठ्ठ्या

तोंडावर बोलायला धजत नाहीत म्हणून अनेक जण चिठ्ठ्या मागवतात. चांगली कल्पना आहे, फक्त काळजी हवी. सात माणसांच्या लाईनवर निनावी असं काही नसतं, अक्षर सगळ्यांचं माहीत असतं. मीही एकदा चिठ्ठ्या घेतल्या. एकीत लिहिलं होतं की साहेब ओव्हरटाइम आपल्याच माणसांना देतात. मी ती वाचून फक्त एवढं विचारलं, ‘हे कुणी लिहिलंय?’ आवाज चढवला नव्हता. पण पुढच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. माझ्या एका प्रश्नानं तो दरवाजा बंद झाला, आणि पुन्हा उघडायला मला जवळजवळ वर्ष लागलं. ओव्हरटाइमचा तक्ता भिंतीवर लावला, कुणाला किती तास मिळाले ते सगळ्यांना दिसू लागलं, तेव्हा कुठे लोक पुन्हा लिहायला लागले.

चिठ्ठ्या घ्यायच्याच असतील तर दोन-तीन लाईनच्या एकत्र घ्या, वीस-पंचवीस माणसं होऊ द्या. गोळा तुम्ही करू नका, एचआरचा किंवा दुसऱ्या विभागाचा माणूस करू दे. त्यानं सगळं एका कागदावर उतरवून मूळ चिठ्ठ्या नष्ट कराव्यात. आणि कोण म्हणालं हा प्रश्न तुमच्या तोंडातून कधीही निघू नये, बायकोसमोर घरीसुद्धा. एकदा विचारायची सवय लागली की तो प्रश्न लाईनवरही निघतो.

घरी बसून ताडताना

आता दोन पानं शेजारी ठेवा, तुमचं मार्कांचं आणि लोकांच्या वाक्यांचं. १९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोघांनी एक चौकट मांडली. दोघांच्या नावांतून तिला जोहरी खिडकी असं नाव पडलं. चार खण: मला माहीत आणि लोकांनाही माहीत. मला माहीत, लोकांना नाही. लोकांना माहीत, मला नाही. दोघांनाही नाही. कागदावर चार खण आखा आणि प्रत्येक वाक्य कुठल्या खणात जातं ते ठरवा. सगळा वेळ तिसऱ्या खणाला द्या, लोकांना दिसतं आणि मला दिसत नाही, त्याला. दुसऱ्या खणातलं काही काही सांगून टाकण्यासारखं असतं. दर तासाचा आकडा माझ्याकडून वर मागतात हे लाईनवर कुणालाच माहीत नव्हतं. पुढे योग्य वेळी मी ते सांगितलं, तेव्हा काउंटरकडे धावणाऱ्या माणसामागचं कारण लोकांना कळलं.

लोकांची मतं एकमेकांना छेद देतील. एक म्हणेल साहेब फार नरम आहेत, दुसरा म्हणेल फार कडक. गोंधळू नका. क्वालिटीवाल्यांकडे गेज आर-अँड-आर नावाचा अभ्यास असतो: तीन ऑपरेटर, दहा जॉब, प्रत्येक जॉब दोन-तीनदा मोजायचा. एकाच माणसाचं माप पुन्हा मोजल्यावर बदलतं का ते एक, आणि माणूस बदलला की माप बदलतं का ते दुसरं. इथेही तसंच बघा. एकच माणूस एकदाच म्हणाला, तर नोंद करून ठेवा. तोच माणूस दोन महिन्यांनी पुन्हा तेच म्हणाला, तर लक्ष द्या. एकमेकांशी फारसे न बोलणारे तिघं वेगवेगळ्या शब्दांत एकच म्हणाले, म्हणजे ऑपरेटर, क्वालिटी आणि मेंटेनन्स, तर ते खरं आहे असं धरून चाला, तुम्हाला पटो न पटो. नरम आणि कडक ही दोन्ही मतंही खरी असू शकतात. एका लाईनवर कडक आणि दुसरीवर नरम असणारे सुपरवायझर मी पाहिलेत. मग प्रश्न नरम-कडकचा उरत नाही, सगळ्यांना एकच माप लावता का, हा होतो.

कौतुकाची वाक्यंही तितक्याच काळजीनं लिहा. आपण जे बरं करतो ते आपल्याला सहज येत असल्यामुळे त्याची किंमत कळत नाही आणि सुधारणेच्या नादात नेमकं तेच सोडून देतो.

एकच गोष्ट निवडा आणि लाईनला सांगा

यादी आठ गोष्टींची झाली तरी निवडायची एक. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या छोट्या बैठकीत, सगळ्यांसमोर सांगा: ‘तुमच्यापैकी काहींशी बोललो. एक गोष्ट कळली. मी मशीनवर येतो आणि आधी काउंटर बघतो. या महिन्यात आधी तुमच्याशी बोलणार. विसरलो तर आठवण करा.’ नावं घ्यायची नाहीत, कोण काय म्हणालं ते सूचित होईल असंही बोलायचं नाही.

हे सांगायला जड जातं. पण लोक याचीच वाट बघत असतात: आपण बोललो त्याचं काय झालं? काहीच झालं नाही तर पुढच्या वेळी ते पुन्हा ‘सगळं छान’ म्हणणार. एखादी मागणी पूर्ण करणं तुमच्या हातात नसेल तर तेही सांगा. ‘कँटीनच्या जेवणाचं मी वर सांगितलंय, ते माझ्या हातात नाही, उत्तर आलं की कळवतो’ हे मौनापेक्षा कितीतरी बरं.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या चालणाऱ्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. नोंदी बघितल्या तर त्याच गटांत चुका जास्त. मग लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथली माणसं त्या उघडपणे सांगत होती. मी माणसाकडे बघायला लागल्यावर माझ्या लाईनवरही पहिल्या महिन्यात तक्रारी वाढल्या. इन्सर्ट झिजलाय, कूलंट कमी येतंय, फिक्स्चर हलतंय. आधीही ते हलतच होतं, फक्त मला कुणी सांगत नव्हतं. तक्रारी वाढल्या म्हणून घाबरू नका. तुमच्या साहेबांनाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर रजिस्टर बघून ते दुसराच अर्थ काढतील.

मार्च महिना आणि अप्रेझलचा फॉर्म

फॉर्ममध्ये स्वतःला रेटिंग द्यायचा रकाना असतो. तिथे पगारवाढ गुंतलेली असते, म्हणून तो रकाना आणि तुमची वही यांची सरमिसळ करू नका. फॉर्ममध्ये केलेलं काम प्रसंग आणि आकड्यांसह मांडा, संकोच करू नका. उणीव एक लिहा, आणि तिच्यावर काय करताय तेही लिहा. लोकांनी विश्वासानं सांगितलेलं वाक्य तिथे त्यांच्या नावानिशी लिहू नका. साहेबांशी सुधारणेबद्दल बोलायचं असेल तर मार्चमध्ये नको, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वेळ मागा. तेव्हा तेही मोकळे असतात.

तीन महिन्यांनी पुन्हा

तीन महिन्यांनी त्याच माणसांकडे जा. या वेळी प्रश्न एकच: ‘मी अमुक बदलणार म्हणालो होतो. काही फरक दिसला का? कुठे दिसला, कुठे नाही?’ फरक पडला असं तुम्हाला वाटत असेल आणि त्यांना दिसला नसेल, तर त्यांचं माप धरा. बदलाचा उद्देश त्यांच्यापर्यंत पोचणं हाच होता. दिसला असेल तर यादीतली दुसरी गोष्ट घ्या आणि स्वतःच्या मार्कांचं नवं पान भरा, जुनं न बघता. मग दोन्ही शेजारी ठेवा. माझ्याकडे शिकलेल्या बऱ्याच जणांचे मार्क सहा महिन्यांनी पहिल्यापेक्षा कमी आले आणि ते खट्टू झाले. मी त्यांना लाईनवरच्या वाक्यांचा कागद काढायला सांगायचो. तिथे बहुतेक वेळा उलटं दिसायचं: लोकांना सुधारणा जाणवलेली, आणि यांची स्वतःची फूटपट्टी आधीपेक्षा बारीक झालेली.

साधारण याच सुमारास आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे लक्ष ठेवा. तुम्ही न विचारता कुणीतरी येऊन सांगतं. माझ्याकडे तेच काका आले होते, सेकंड शिफ्ट सुटताना, डबा पिशवीत टाकता टाकता. म्हणाले, ‘साहेब, आज त्या नव्या पोराला जरा जास्तच बोललात. उद्या त्याच्याशी बोलून घ्या.’ मी वही काढली आणि तारीख टाकून ते वाक्य लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी त्या मुलाच्या मशीनवर गेलो.